टोम्माच्या खिडकीबाहेरची आरसी

“टोम्मा घर सोडतेय म्हणे. त्या हाब्बोबरोबर कायमची ग्रीटझीलला, आणि ती खिडकीसुद्धा...”

पाववाली गेशे खाली गल्लीत एवढं बोलली आणि पोस्टमन सायकलची घंटी वाजवत मध्ये घुसला. गेशे आणि तिची मैत्रीण बाजूला सरल्या, उरलेली बातमी कोपऱ्यापलीकडे गेली. अर्धी बातमी म्हणजे दातात अडकलेली सुपारी. दिवसभर जीभ तिकडेच.

मी टोम्मा उबेनच्या खिडकीबाहेरची आरसी बोलतेय. एम्डेन बंदरात, कालव्याकाठच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर लोखंडी दांड्याला लटकलेली. मला दोन काचा. एकीत बंदराचा धक्का, दुसरीत आमचं दार आणि गेशेचं दुकान. आत खुर्चीत बसल्या बसल्या, पडदा न हलवता अख्खी गल्ली दिसावी म्हणून माझा जन्म. इथे आम्हाला ‘हेर’ म्हणतात. म्हणोत बापडे. शेजाऱ्यापाजाऱ्यांची काळजी कुणीतरी करायलाच हवी ना?

टोम्माच्या आजेसासूने मला लोहाराकडून घडवून घेतलं, नवऱ्याची हेरिंग मासे धरायची बोट परतली की कळावं म्हणून. युद्धात गल्ली जळाली तेव्हा तिने मला घोंगडीत गुंडाळून तळघरात ठेवलं होतं. नवं घर उभं राहिलं, तसा जुना दांडा नव्या भिंतीत बसला.

आता घरात एकटी टोम्मा. चौऱ्याहत्तर वर्षांची, विधवा, कंबर धरलेली. ऐकू तर असं येतं की दारावरची घंटी बडवली तरी पत्ता नाही. दारात कोण आलंय ते मीच तिला दाखवायची. तिचे कान म्हणजे मी. वीस वर्षं आमचं दोघींचं बरं चाललं होतं.

मग आला हाब्बो. शाळेत तिच्याच वर्गात होता, आता विधुर. पाहुण्यांना बोटीतून बंदर दाखवतो, कालव्याने पार ग्रीटझील गावापर्यंत नेतो. दर बुधवारी तीन वाजता चहाला हजर. आधी कपात खडीसाखर, तिच्यावर चहा, साखर तडतडली की कडेने साय. ढवळायचं नाही. तीन कप झाले की माणसाने चमचा कपात उभा करावा, म्हणजे ‘पुरे’. नाही केला, तर यजमानीण ओतत राहते. हाब्बो चमच्याला हात लावत नसे. पाच-पाच कप प्यायचा. मी मोजत होते. हातच्या काकणाला आरसा कशाला?

एका बुधवारी त्याने तिला दुर्बीण आणून दिली. माझी सवतच की. त्या दिवसापासून टोम्मा माझ्याकडे बघेनाशी झाली. माझ्या डोक्यावरून ती डोलकाठ्या बघायची, समुद्रपक्षी बघायची, त्याची बोट बघायची.

“यातूनही ग्रीटझीलच्या जुळ्या पवनचक्क्या दिसायच्या नाहीत,” तो तिच्या कानाशी मोठ्याने म्हणाला. “बोटीवर चल.”

“माझ्या कमरेला शिडी झेपत नाही.”

“एकच पायरी आहे, टोम्मा. बव्हेरियाहून फिरायला आलेल्या म्हाताऱ्या फुलाफुलांच्या टोप्या घालून चढतात.”

“मग त्यांच्याकडेच पी की चहा.”

आणि हसत हसत तिने सहावा कप ओतला. माझा नुसता जळफळाट झाला.

अशातच गेशेची ती अर्धी बातमी कानी आली. त्याच आठवड्यात वायव्येचा वारा सुटला. माझा एक स्क्रू आधीच ढिला होता. वाऱ्याने मला ढकललं. पण खरं सांगते, वारा निमित्त होता. मीच जरा जास्त वळले, थेट भिंतीकडे तोंड करून.

आमच्या गल्लीत आरसी भिंतीकडे वळवली, म्हणजे आज पाहुणा नको. इथल्या शेंबड्या पोरालाही ते कळतं.

बुधवारी हाब्बो आला. हातात कागदात गुंडाळलेला, धुरी दिलेला मासा. त्याने घंटी वाजवली, मान वर केली. माझी पाठ बघितली, मासा पायरीवर ठेवला आणि गेला. वर टोम्मा दुर्बीण लावून त्याची रिकामी बोट न्याहाळत होती. दुर्बिणीला लांबचं दिसतं, दारातला माणूस दिसत नाही. मला वाटलं, जिंकले मी.

पाच वाजता टोम्माने त्याच्या कोरड्या कपात स्वतःच चमचा उभा केला. मासा मांजरीने नेला.

पुढच्या बुधवारी तो फिरकलाच नाही. साडेतीनला टोम्माने दुर्बीण खाली ठेवली आणि जुन्या सवयीने माझ्याकडे पाहिलं. तिला विटा दिसल्या.

“अगं बये,” खिडकी उघडून ती म्हणाली, “तू कधीपासून तोंड फिरवून बसलीस?”

मग तिच्या लक्षात आलं. तिने मला सरळ केलं, कोट चढवला आणि कठड्याला धरत जिना उतरली. माझ्या काचेत ती धक्क्याकडे लहान लहान होत गेली. कधी नव्हे ते मी मनात म्हटलं, पोहोच बाई.

तासाने दोघं आली. हाब्बोच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता.

“मला वाटलं, पाहुणा नको झाला,” माझा स्क्रू आवळत तो म्हणाला.

“नको असता तर चमचा ठेव म्हटलं असतं,” टोम्मा म्हणाली. “ओत आता तूच.”

गेशेची बातमी निम्मी खरी निघाली. टोम्मा ग्रीटझीलला जाते, पण गुरुवारची, बोटीने, आणि संध्याकाळी घरी येते. घर तिथेच आहे, खिडकीही. दुर्बीण मात्र तिच्या गळ्यात मिरवत जाते आणि पवनचक्क्या बघून येते. मी चाळीस पावलांची गल्ली बघत बसते. जळते अजून, खोटं कशाला सांगू? पण परत येताना धक्क्यावरून टोम्मा आधी माझ्याकडे बघून हात हलवते, दुर्बीण न लावता.

तुम्ही कधी एम्डेनला आलात, तर बोटीत चढण्याआधी खिडक्यांकडे एकदा मान वर करा. एखादी आरसी भिंतीकडे वळलेली दिसली, तरी लगेच माघारी फिरू नका. दार पुन्हा एकदा वाजवा, जोरात. आरसीचा काय भरवसा?