पाठमोरा शॉट

थोरल्याने धाकट्याला नाटक कंपनीतून हाकललं, तेव्हा सगळी मंडळी जेवायला बसली होती. "आवाज सोन्यासारखा आहे रे तुझा, पण हे थोबाड घेऊन उभा राहिलास की मरणाच्या प्रसंगातही लोक हसतात." मंडळी हसली. धाकटा भरल्या ताटावरून उठून गेला आणि पुढची बावीस वर्षं डबिंगच्या खोल्यांत दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घालत राहिला.

थोरला नाटकातून सिनेमात गेला. मोठा झाला, माजला. मग झटका आला. हात-पाय सुधारले, चेहरा जागेवर आला, पण जीभ जड झाली ती झालीच. तरी एका दिग्दर्शकाने त्याला बापाची भूमिका दिली. शूटिंगला म्हणाला, आता जमेल तसं बोला, आवाजाचं नंतर बघू. थोरला समजला, आपलाच घेणार. उभी हयात या धंद्यात काढूनही माणूस इतका बावळट राहतो, कारण स्वतःबद्दल शंका घ्यायची त्याला सवयच नसते.

डबिंगच्या दिवशी तो कडक इस्त्रीचा सदरा घालून आला, तर माइकसमोर धाकटा.

थोरल्याने एक संधी मागितली. दिग्दर्शकाने अकरा दिल्या. पडद्यावरचे त्याचेच ओठ पुढे पळत होते आणि जीभ मागे लोळत होती. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट मान खाली घालून बसला. शेवटी थोरल्याने धाकट्याला बाजूला घेतलं. तू नाही म्हण, म्हणाला, आवाज गेला तर माझं काय उरलं? धाकट्याने सगळं ऐकून घेतलं.

"दादा, शेवटच्या प्रसंगात तू पाठमोरा आहेस. ओठ दिसत नाहीत. श्वास कुठे घेतलास कळत नाही. माझ्यामागे उभा राहा. श्वास आला की खांदा दाब."

थोरला उभा राहिला. सिनेमा पडला तर पुढचं काम मिळणार नव्हतं. तो दाबत गेला, धाकटा बोलत गेला. पहिल्याच खेपेला दिग्दर्शकाने डोळे पुसले. रेकॉर्डिस्ट म्हणाला, ओके.

"नाही जमलं," धाकटा म्हणाला. "परत घेऊ."

सहाव्या खेपेला थोरला हुंदके देऊ लागला. धाकट्याने रेकॉर्डिस्टला विचारलं, हे माइकमध्ये येतंय का. येतंय, तो म्हणाला.

"दादा, तोंडावर रुमाल धर. खांद्यावरचा हात काढू नकोस."