निशिगंधाचं कुलूप

"हे कुलूप तोड, पोरी. लागन तेवढे पैसे घे, पन तोड," असं म्हणत उंद्रीच्या गीताबाईंनी पदरात गुंडाळलेली हार्डडिस्क माझ्या टेबलावर ठेवली. खामगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवून मला नऊ वर्षं झाली, पण इतकी जपून आणलेली डिस्क पाहिली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी बियाण्याच्या तक्रारीची सुनावणी होती. अळी लागत नाही म्हणून बीटी कपाशी पेरली आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. चाळीस शेतांतले तारखेसकट फोटो शेतकरी गटाच्या कॉम्प्युटरवर होते, फोनमधले केव्हाच पुसलेले. तो कॉम्प्युटर जळला. कुण्या कारागिराने त्यातली ही डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिली, ती उघडेना, तर म्हणाला, कुणीतरी पासवर्डचं कुलूप घातलंय. झालं! सगळ्यांचं बोट निशिगंधाकडे. गटाचा कॉम्प्युटर तीच सांभाळायची आणि महिन्यापूर्वी गटाशी भांडून मेहकरला निघून गेली होती.

"म्या तिच्या मायच्या दारात उभी राहून तिले शिव्या देल्या," गीताबाई म्हणाल्या. "सारं गाव आयकून राह्यलं होतं."

मला त्या कारागिराचा रागच आला. आधी दुखणं ओळखावं, मग औषध सांगावं, एवढंही कळू नये? मी माझ्या लिनक्सवाल्या मशीनला डिस्क जोडली आणि तिचा प्रकार विचारला. कुलूप असतं तर तसं सरळ लिहून आलं असतं. आलं वेगळंच: लिनक्स रेड मेंबर, म्हणजे एकत्र जोडून चालवलेल्या डिस्कांपैकी एक.

"मावशी, कुलूप नाई हे. ही जोडीतली एक डिस्क हाये. दुसरी कुठं हाये?"

"ते तं जळली. भंगारात गेली."

काही जोड्यांत फोटोंचे तुकडे दोन्ही डिस्कांवर वाटलेले असतात. तसं असेल तर सगळं गेलं. काहींत मात्र दोन्हींवर तेच ते असतं, एक मेली तरी दुसरी पुरते. मी हे गीताबाईंपासून लपवलं नाही.

"पाहून तं घे," त्या म्हणाल्या. "जे असन ते सांग."

मी जोडीची नोंद वाचली. दोन्हींवर तेच! नुसती वाचण्यापुरती डिस्क उघडली आणि पडद्यावर फोडलेली बोंडं दिसू लागली, शेतामागून शेत. मी खुर्चीतच ओरडले.

"हे आपोआप नाई होत, मावशी. एक डिस्क गेली तरी तुमचे फोटो राहावे म्हनून कोनीतरी बसून केलेलं हाये."

कोणी, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी माझ्या फोनवरून मेहकरला फोन लावला, कारण त्यांचा ती उचलत नव्हती.

"निशिगंधा, मी गीताकाकू. ठेवू नको. तू कुलूप नोयतं लावलं. मी चुकली."

पलीकडून हळूच विचारलं गेलं, "फोटो वाचले ना, काकू? सारे?"

गीताबाईंनी तोंडावर पदर धरला. मग डोळे पुसले आणि ठाम आवाजात सांगितलं, "वाचले. उद्या सुनावणीले जायच्या आंधी तुह्या मायच्या दारात येतो. शिव्या साऱ्या गावासमोर देल्या, माफीबी साऱ्या गावासमोरच मागतो."