मागच्या सीटवरचे वजन

सकाळचे ऊन त्या खोलीत कधीच एकदम शिरत नसे. समोरच्या छपरावरून ते आधी उंच खिडकीच्या वरच्या काचेला टेकायचे, तिथे जरा घुटमळायचे, आणि आत यायला कुणाची परवानगी लागते की काय अशा संकोचाने भिंतीवरून खाली उतरायचे. पुस्तकबांधणीची ती खोली. आधी उजळायचा दाबयंत्राचा लोखंडी दांडा, मग खिळ्याला टांगलेल्या दोऱ्याच्या लडी, मग टेबलावरची, अजून पुठ्ठा न चढलेल्या पुस्तकांची चळत. त्यांच्या उघड्या पाठींवरची शिवण त्या उजेडात टाका न् टाका दिसायची. चिकटवायच्या खळीच्या भांड्यावर रात्रीतून धरलेली साय चकाकायची. या उजेडात विशेष असे काही नव्हते, रोजचाच तो. पण तरुण बांधणीकाराला त्याची ही सावकाशी आवडत असे, कारण तो स्वतःही कुठल्या खोलीत एकदम शिरत नसे.

आज रविवार होता, म्हणून भिंतीला टेकलेली जोडसायकल आच्छादनातून बाहेर आली होती. दोन सीटा, पायडलांच्या दोन जोड्या, आणि दोघांच्या पायांना एकमेकांशी बांधून टाकणारी साखळी. ऊन हँडलवर आले, तिथून पुढच्या सीटवर सरकले, आणि थबकले. मागची सीट अजून सावलीतच होती.

"गोंजारून झालं असेल तर निघायचं का, कप्तान?"

जिन्यावरून ताई उतरत होती. त्याची ही थोरली बहीण तरणतलावावर पोहायला शिकवायची. पाण्याच्या या टोकावरून त्या टोकाला हाका मारण्यात तिचा जन्म गेल्यामुळे ती घरात कुजबुजली तरी शेजारच्या घरातले मान वर करून बघत.

"हळू बोल. आई झोपलीय."

"आई केव्हाची उठलीय. जिन्यातून तुलाच बघत होती. म्हणाली, हा सायकलीसमोर असा उभा आहे, जणू आधी सायकलच बोलेल म्हणून थांबलाय."

त्याने ते ऐकले न ऐकलेसे केले. "मागची सीट उसवलीय. चामडं आणून ठेवलंय मी. पुढच्या रविवारपर्यंत नवं चढवतो."

"पुढच्या रविवारी मी तर—"

"हवा बघतो हं जरा," म्हणत तो खाली वाकला, आणि पंपाच्या फुसफुशीत पुढचे शब्द विरून गेले.

ताईचे ते वाक्य गेले कित्येक दिवस असेच विरत होते. समुद्रकाठच्या एका दूरच्या शहरात मोठ्या तरणतलावाची प्रमुख म्हणून तिची नेमणूक झाली होती. तिने ही बातमी जेवताना सांगितली तेव्हा आईने तिला जवळ घेतले, आणि याने मीठ मागितले. त्यानंतर विषय निघाला रे निघाला की याला एखादे पुस्तक दाबाखाली ठेवायचे आठवे, नाहीतर खाली चुलीवरची खळ करपू लागे. "इतकी खळ तर तुझ्या बापाच्या हातून जन्मात करपली नाही," असे आईने एकदा ऐकवलेही. ताईचे सामान बांधून झाले होते. तिला भावाकडून फारसे काही नको होते. ती जाणार हे त्याने एकदा, एकदाच, तिच्यासमोर स्वतःच्या तोंडाने मान्य करावे. "हा असाच तोंड लपवत राहिला ना, तर माझा पाय नाही निघायचा गं," असे ती आईला म्हणाली होती. जिन्यावर उभ्या असलेल्या त्याने ते शब्द न् शब्द ऐकले होते. लगेच तो खळ बघायला गेला होता.

गावाबाहेर डांबर संपले आणि चाकांखाली खडी करकरू लागली. दरीच्या तळाशी नदी अंग सैल सोडून पडली होती. दोन्ही उतारांवर द्राक्षवेलींच्या ओळी होत्या, जणू कुणी टेकड्यांनाच ओळीने टाके घातले होते. आणि प्रत्येक मोठ्या वळणावर एकेक किल्ला. भावंडांनी लहानपणीच त्यांची बारशी उरकली होती. छप्पर उडालेला तो बोडका, डागडुजी करून रंगवलेला तो नटवा, आणि सगळ्यांत उंचावर, पाठ करून रुसून बसलेला तो थोरला.

जोडसायकलीवर मागे बसणाऱ्याला पुढच्याची पाठ सोडून समोरचे काही दिसत नाही. म्हणून पुढच्याने बोलत राहायचे असते. न बोलला तर खड्ड्यात मागच्याचे दात वाजतात. आठवडाभर ज्याच्या दुकानात गिऱ्हाइकालाच प्रश्नही विचारावा लागे आणि उत्तरही द्यावे लागे, तो हा मुलगा रविवारी या एका कारणाने अखंड बोलत असे.

"खड्डा, उजवीकडे. सुटी खडी. आता वळण, आत झुक."

"आणि पुढे काय?"

"पुढे नदी वळते."

"कशी दिसते?"

"नदीसारखी."

"वा! जपून हं, कुणीतरी छापेल तुला."

त्याने चारदोन पायडले मारली. मग खाली मान घालून म्हणाला, "पाण्यावर ऊन आहे. पण मधे एक काळा पट्टा सुटलाय. वाचता वाचता कुणी उठून गेलं, आणि पानांत बोट तसंच राहिलं, तसा."

मागून लगेच टोमणा आला नाही. "हे बरं होतं," एवढेच ताई म्हणाली.

नटव्याच्या पायथ्याशी नळावर ते पाणी प्यायला उतरले. त्याला धाप लागली होती. तिला लागली नव्हती. हा भेद त्याला फार खटकला.

"खरं सांग ताई, तू मागे पायडल मारतेस, की पायडलं फिरतात म्हणून नुसते पाय ठेवतेस?"

"आलास नेहमीच्या प्रश्नावर? रविवार सुना जातो की काय असं वाटत होतं मला."

"मला मागचं दिसत नाही. पायडलं तर सगळीच फिरतात. मग मला कळणार कसं?"

"मी दिवसभर पाण्यात पाय मारते. तू दिवसभर स्टुलावर बसून सुईत दोरा ओवतोस. आता सांग, कोण कुणाला ओढतं?"

"मी." हे त्याने जरा जोरातच सांगितले. "तू आहेस वजन. गोड वजन आहेस, पण वजन."

"असं का?" ताईने ओठ पुसले. "मग वजन इथे उतरलं. थोरल्यापर्यंत तू एकटा ने सायकल. मी वेलींमधल्या पायऱ्यांनी येते. पाय टेकलास की हरलास."

"आणि हरलो तर?"

"तर एक वाक्य म्हणायचं. कुठलं ते तुला ठाऊक आहे."

त्याने इकडेतिकडे पाहिले. पण दूरदूरपर्यंत करपण्याजोगी खळ नव्हती. तो निमूटपणे सायकलीवर चढला.

सुरुवात झकास झाली. सायकल अशी हलकी पळू लागली की त्याला वाटले, चला, इतक्या वर्षांचा निकाल लागला. मग चढ उभा झाला, खडी सुटी झाली, आणि मागचे चाक जागच्या जागी गरगरू लागले. ज्या वजनाबद्दल तो आजवर कुरकुरत आला होता, ते वजन वर नाही म्हटल्यावर चाक जमीन धरायलाच तयार होईना. तो दातओठ खाऊन रेटत राहिला. सायकल बोटभर पुढे जायची आणि तेवढीच मागे यायची.

"अहो, कप्तान!"

द्राक्षांच्या ओळीतून एक म्हातारेबुवा कात्री हातात घेऊन उभे राहिले होते. त्यांनी आधी त्याच्याकडे, मग रिकाम्या सीटकडे आणि मग काळजीने मागच्या रस्त्याकडे पाहिले. "मागचं माणूस कुठेतरी पडलं वाटतं तुमचं!"

"नाही, नाही. ती पायऱ्यांनी येतेय."

"हो का? मग मघापासून 'खड्डा डावीकडे, वळण आलं' हे सांगताय कुणाला?"

त्याने आठवून पाहिले. सांगत होता खरा. सगळ्या चढभर, एकही खड्डा न वगळता. तेवढ्यात चाक पुन्हा गरगरले आणि त्याचे दोन्ही पाय खडीत रुतले.

वरच्या बांधावरून हसण्याचा आवाज आला. अर्थात तो म्हाताऱ्यांनाच नव्हे, पलीकडच्या काठालाही ऐकू गेला असावा.

"मी पाय टेकलेला नाही," त्याने वर पाहून सांगितले. "चाक घसरलं."

"दोन्ही पाय जमिनीवर आहेत, महाराज."

"खडी नवी टाकलीय."

"खडी आपल्या जन्माच्या आधीची आहे." पायऱ्या उतरत ती जवळ आली आणि बांधावर टेकली. "सगळं ऐकू येत होतं मला वर. तू 'खड्डा, डावीकडे' म्हणालास आणि मी पायरीवर डावा पाय जपून टाकला. वेडीच मी."

ती हसली. आणि मग हसणे कुठे ठेवावे हे न कळल्यासारखी नदीकडे बघत राहिली.

म्हातारेबुवा समजूतदार होते. ते पुन्हा वेलींत वाकले. त्याने मागच्या सीटवर हात फिरवला. उसवलेल्या शिवणीतून स्पंज डोकावत होता. चामड्याचा तुकडा कापून तयार होता, दोराही मेण लावून ठेवला होता. कुणासाठी, हे स्वतःला विचारायचे त्याने तेवढे टाळले होते.

"तिकडचा तलाव," तो सीटकडेच बघत म्हणाला, "उघड्यावर आहे की छपराखाली?"

त्याने त्या शहराबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता. "उघड्यावर," ती जपून म्हणाली. "वर आभाळ."

"सकाळी ऊन कुठल्या बाजूने येतं?"

"गेले की बघून सांगेन."

"हं." मग उसवलेली शिवण चिमटीत धरून, "सामान स्टेशनवर मी आणतो. तुला ती पेटी नीट धरता येत नाही."

"लबाड. वाक्य राहिलंय तुझं."

"बस आधी. इथे चढावर नाही सुचत."

ती मागे बसली. सायकल खाली दबली, मागच्या चाकाने खडीत दात रोवले, आणि जो चढ एवढा वेळ हटून बसला होता तो मुकाट्याने मागे सरकू लागला.

"खडी," तो म्हणाला. "खड्डा, उजवीकडे. वळण."

शेवटच्या वळणानंतर रस्ता सरळ होता. थोरला समोर आला. त्याच्या भिंतीवर आता पूर्ण ऊन पडले होते. एकही खड्डा नव्हता, सुटी खडी नव्हती, सावध करावे असे समोर काहीच उरले नव्हते. तो गप्प झाला.

"आणि पुढे काय?" मागून ताईने विचारले. तिचा आवाज इतका हळू त्याने कधी ऐकला नव्हता.

"पुढे," तो म्हणाला, "पुढे गुरुवार आहे."

त्याच क्षणी त्याच्या पायांखालचा भार एकदम वाढला. मागे कुणीतरी पायडल मारायचे थांबले होते. म्हणजे इतका वेळ, इतकी वर्षे, मारत होते. त्याने मागे वळून पाहिले नाही. जोर लावून त्याने सायकल तेवढी पुढे नेली.

ताई गुरुवारी जाणार होती.