अर्जातल्या दोन मोटारसायकली

सरकारी अर्ज कसा लिहावा हे या जिल्ह्यात माझ्याइतकं कोणाला कळत नाही. असं मी समजत होतो आणि लोकही समजत होते, त्यामुळे कोणी तपासून पाहिलं नाही. सत्तावीस वर्षं शाळेत निबंध शिकवले. निवृत्त झाल्यापासून दर मंगळवारी पांढुर्ण्याला कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते, साहेब लोकांची गाऱ्हाणी ऐकतात, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून लोकांचे अर्ज लिहून देतो. घेत काही नाही. "श्रीधर गुरुजी, काय लिहिलं तुमी," एवढं ऐकलं की माझं भागतं.

लोक अर्जात मागणी लिहितात. तिथेच फसतात. साहेबांसमोर सकाळपासून दोनशे मागण्या येतात, माणूस किती मागण्या वाचणार? मागणीच्या आधी एक किस्सा हवा. वाचणाऱ्याचा चहा निवायला हवा. लोधीखेड्याच्या एका म्हाताऱ्याच्या गल्लीतला हातपंप मी त्याच्या तहानेनं मेलेल्या गाईवर दुरुस्त करून दिला. त्याच्याकडे गाय नव्हती. पण पंप सुरू झाला, पाणी सगळी गल्ली प्यायली, आणि गाईबद्दल कोणी विचारलं नाही.

पावसाळा संपता संपता शकुंतला आली. सौसर-रामाकोना रस्त्यावरच्या एका गावची. गावाचं नाव इथे सांगत नाही, अर्जात सांगितलं तेवढं पुरे झालं. बाई संत्र्याच्या बागेत मजुरीला जाते. मुलगी वैशाली सौसरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. त्यांच्या फाट्यावर सकाळची बस थांबत नाही. बसमालकाला दोनदा सांगून झालं, तो हो म्हणतो. पोरीचा पहिला तास रोज बुडतो, आणि हजेरी पंचाहत्तर टक्के भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत.

बाईनं हे सगळं नीट, क्रमानं आणि अत्यंत कंटाळवाणं सांगितलं. मी म्हटलं, बाई, आता गप्प बसा. आणि लिहायला घेतलं, अर्थात हिंदीत, कारण आमचं राज्य हिंदीचं, कचेरीत तीच चालते. बस धूळ उडवत निघून जाते. फाट्यावर एकटी मुलगी. मागून दोन मोटारसायकली येऊन थांबतात, वर चार टवाळ पोरं. मुलगी कपाशीच्या शेतातून जीव घेऊन पळते, ओढणी काटेरी कुंपणात अडकते. ओढणीवर मी स्वतःच खूश झालो.

वाचून दाखवलं तेव्हा शकुंतला म्हणाली, असं काही झालं नाही जी. मी विचारलं, होऊ शकतं की नाही? ती म्हणाली, होऊ तर शकते. मग सही करा, मी म्हटलं. गुरुजी सांगतात म्हणून तिनं सही केली.

साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. तिथेच मी ओळखलं, काम झालं. चार दिवसांत आदेश निघाला की त्या फाट्यावर प्रत्येक बस थांबलीच पाहिजे. बस थांबू लागली. एका स्थानिक पेपरात ओढणीसकट बातमी आली. मुलीचं नाव छापलं नव्हतं, गावाचं छापलं होतं. त्या गावातून कॉलेजला जाणारी मुलगी एकच.

वैशालीचे वडील उत्तम हे बोरगावला एका कारखान्यात कामाला आहेत. जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी ती बातमी त्यांना वाचून दाखवली. ते घरी आले आणि वैशालीचं कॉलेज बंद केलं. आई म्हणाली खोटं आहे, मुलगी म्हणाली खोटं आहे. उत्तमना त्यातून एवढंच कळलं की मायलेकी आपल्यापासून लपवतात. दोन आठवडे बस फाट्यावर थांबत होती, कंडक्टर उतरून इकडेतिकडे बघत होता आणि गाडी पुढे जात होती.

हे मला शकुंतलानं घरी येऊन सांगितलं. वैशालीनं आणखी आठ दिवस बुडवले की हजेरी भरून निघणार नव्हती. मी रविवारी त्यांच्या गावी गेलो. उत्तमनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सरळ सांगितलं की ती गोष्ट मी रचली, मोटारसायकली नव्हत्या, कोणी नव्हतं.

"तुमी माझ्या जिवाले बरं वाटावं म्हून सांगून राहिले, गुरुजी," ते शांतपणे म्हणाले.

मी रचतो याचा पुरावा म्हणून लोधीखेड्याच्या गाईचं सांगितलं. सवय, दुसरं काय. त्यांनी विचारलं, गाय बी नव्हती काय? मी म्हटलं, नव्हती.

"म्हणजे तुमी खोटं बोलता हे तुमीच सांगून राहिले. मंग आता खरं बोलून राहिले हे मी कशावरून समजू? अन् खोटं असतं तं एवढ्या मोठ्या साहेबानं बस थांबवली असती काय?"

जन्मभर लोकांना पटवायला शिकवलं आणि 'असं झालं नाही' हे तीन शब्द मला एका माणसाला पटवता येईनात.

शेवटी उत्तमच म्हणाले, सरकारी कागदावर लिहिलं तसंच सरकारी कागदावर खोटं होतं म्हणून लिहून द्या, मंगळवारी साहेबांच्या हातात द्या, मग मानतो. रास्त होतं. माझी अब्रू जाणार होती, ते मी गृहीत धरलं. पण आदेश निघाला होता त्या मोटारसायकलींवर. त्या गेल्या की बसही जाणार.

वैशाली दारात उभी होती. मी तिला हे समजावून सांगितलं, आणि काय करू ते विचारलं.

"द्या लिहून," ती म्हणाली. "बस नाही थांबली तं पायी जाईन."

"किती लांब आहे?"

"सहा किलोमीटर. गेल्या वर्षापासून पायीच जाऊन राहिली ना मी. बसची वाट पाहते, नाही थांबली का चालू लागते. म्हून तं पहिला तास जाते."

मी शकुंतलाला विचारलं, हे मला का नाही सांगितलं?

"सांगितलं होतं जी. तुमी म्हणाले, पायी तं सगळेच जातात, त्यात काय हाय."

म्हटलं असेन. मला आठवतसुद्धा नव्हतं. लाज वाटली, साधी सरळ लाज, आणि ती चौघांत बसून लपवायला जागाही नव्हती.

वैशालीनं तिच्या वहीतला कोरा कागद दिला. मी लिहिलं की अमुक तारखेच्या अर्जातली घटना घडलेली नाही, ती मी माझ्या मनानं लिहिली, दोष अर्जदार बाईचा नाही. सही केली. खाली अर्धं पान रिकामं राहिलं. हात शिवशिवत होते, पण या वेळी मी आधी विचारलं.

"तू रोज सहा किलोमीटर चालतेस, हे खाली लिहू का?"

तिनं कागद माझ्या हातातून घेतला, पहिल्यापासून वाचला आणि परत दिला.

"लिहा," ती म्हणाली. "पण तेवढंच लिहा."

मी तेवढंच लिहिलं.