मुलांच्या पानावरचा फॉर्म

धुळ्यात देवपूरला पुष्पाबाईंचा टायपिंगचा क्लास होता. अठ्ठ्याण्णव साली त्यांनी निम्मे टाइपरायटर विकून दोन कॉम्प्युटर आणि टेलिफोनवरून चालणारं इंटरनेट घेतलं. वर्षभरात समाजाच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट त्यांच्याच गळ्यात पडली. अध्यक्ष जीवराम आबा सांगत आणि पुष्पाबाई करत.

करणं तसं सोपं होतं. नाशिकच्या भाच्यानं दिलेल्या प्रोग्रॅममध्ये साइटचा सांगाडा तयार होता. हवा तो भाग, त्याला मॉड्यूल म्हणत, त्या सांगाड्याला जोडायचा आणि कोणत्या पानावर दिसावा तिथे खूण करायची. आबांनी आधी किती लोक येऊन गेले ते मोजणारा काउंटर जोडून घेतला. रोज सकाळी फोन करून ते आकडा विचारत. मग त्यांनी मुलींच्या पानासाठी प्रश्नांची यादी आणून दिली. रंग, चष्मा, स्वयंपाक काय काय येतो, स्वभाव शांत आहे का, लग्नानंतर नोकरी सोडाल का.

"आणि मुलांना काय विचारायचं?" पुष्पाबाई म्हणाल्या.

"शिक्षण आणि नोकरी. झालं की."

पुष्पाबाई वयात असताना सात वेळा पाहुण्यांसमोर चालून दाखवून आल्या होत्या. आठव्यांदा त्यांनी जागचं हलायला नकार दिला आणि क्लास काढला. आता त्यांनी फॉर्म तयार केला, 'मुली' या पानापुढे खूण केली, चहाचा घोट घेतला आणि 'मुलं' पुढेही केली.

आठवड्याच्या आत बोदवडच्या एका इंजिनिअरचे वडील आबांवर फोनवरून उखडले. आबा तडक क्लासात आले.

"पुष्पाअक्का, हाई काय शे? तुमना कम्प्युटर पोऱ्यास्ले भाकरी इचारी ऱ्हायना."

"मुलांनाही भाकरी विचारणारच, मॉड्यूल एकच आहे, आबा. जोडलं की दोन्हीकडे दिसतं," पुष्पाबाई कीबोर्डवरची धूळ पुसत म्हणाल्या. "आणि काढलं तर काउंटरही जाईल."

हे धादांत खोटं होतं. पण आकडा चार हजारांवर गेला होता. आबा टोपी सारखी करून निघून गेले.

मुलांचे फॉर्म येऊ लागले. सगळे गोरे, सगळे शांत, सगळ्यांना पुरणपोळीपर्यंत सगळं येत होतं. मग एका दुपारी आबांच्या पत्नी कुंदाबाई आल्या. मुलगा गिरधर जळगावला पाइपच्या कारखान्यात होता, त्याचा फॉर्म त्यांना भरायचा होता.

"रंग?"

"बापावर गेला. तसंच लिहा."

"स्वयंपाक?"

"खिचडी. तीही पातळ."

"स्वभाव शांत आहे?"

"पोट भरलेलं असलं म्हणजे."

पुष्पाबाईंनी शब्दही न बदलता टाइप केलं. बाकीच्या मुलांना एखाददुसरं पत्र आलं, गिरधरला पाच आली.

तोवर पुण्याहून आबांचा पुतण्या चुडामण आला आणि त्यानं काउंटरचा खुलासा केला. आबा पुन्हा क्लासात येऊन खुर्चीत बसले.

"काउंटर जात नाही म्हणे."

"नाही जात," पुष्पाबाईंनी कबूल केलं. त्यांनी मान खाली घातली नाही. "फॉर्म काढते मी आत्ता. मात्र गिरधरचाही निघेल, आणि पारोळ्याची मास्तरीण अजून चौकशी करतेय."

आबा खुर्चीतून उठले. "पंधरा दिवस ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

त्या रविवारी आबा, कुंदाबाई आणि गिरधर पारोळ्याला गेले. मध्यस्थ म्हणून पुष्पाबाईही होत्या. मास्तरीण सुनंदा गिरधरच्या समोरच खुर्ची घेऊन बसली.

"लग्नानंतर नोकरी सोडाल का?" तिनं विचारलं.

गिरधरनं बापाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुम्ही सोडणार?"

"नाही. जळगावला बदली मागेन."

"नाही मिळाली तर?"

"तर तुम्ही इथून रोज ये-जा करा."

आबांनी तोंड उघडलं. कुंदाबाईंनी चिवड्याची बशी त्यांच्या हातात दिली. पुष्पाबाई हसू दाबत खिडकीबाहेर बघू लागल्या.

गिरधर मुलीच्या वडिलांकडे वळून म्हणाला, "सकाळची पहिली बस किती वाजता आहे?"