दुसऱ्या पुस्तकाची पाने

थोरलीने सुरीच्या टोकाने दोरा कापला आणि पुस्तकाची पाठ उलगडली. समोर उभे असलेले मास्तर चष्मा कपाळावर चढवून बघत होते.

"कोंबड्यांना खरूज झाली तर काय करावं, ते वाचत होतो," मास्तर म्हणाले. "पान उलटलं, तर 'प्रिय वहिनीस सप्रेम नमस्कार, पत्रास उशीर झाला, राग मानू नये.' आता मी कोंबडीला औषध लावू की वहिनीला पत्र लिहू?"

मास्तर एकटेच हसले. मग कोणीच हसत नाही हे पाहून त्यांनी तोंड आवरले.

छापखान्यातून येणारा मोठा कागद घड्या घातल्या की सोळा पानांचा होतो. त्याला फर्मा म्हणायचे. असे दहा-बारा फर्मे क्रमाने जुळवायचे, शिवायचे, पुठ्ठ्यात बसवायचे, की झाले पुस्तक. या पुस्तकात आकडे अगदी बरोबर होते. बत्तीसनंतर तेहतीस आले होते. फक्त ते तेहतीस दुसऱ्या पुस्तकाचे होते. कोंबड्या पाळण्याचे पुस्तक आणि पत्रे लिहिण्याचे पुस्तक एकाच मापाची, एकाच कागदावरची, आणि एकाच आठवड्यात टेबलावर आलेली.

खोलीत एकच लांब टेबल होते आणि सगळे घर त्याच्याभोवती बसत असे. टोकाला खुर्चीत बाबा. ते फर्मे जुळवीत. त्यांच्यानंतर थोरली आणि सून, दोघी शिवत. आई खळ लावी. मधला भाऊ भिंतीजवळच्या यंत्रावर कडा कापी. आणि खिडकीजवळ एक स्टूल.

मास्तरांचे बोलणे संपले तशा सगळ्यांच्या माना आपोआप त्या स्टुलाकडे वळल्या. स्टूल रिकामे होते. अकरा महिने रिकामेच होते. मग त्याच माना, जरा अडखळत, सुनेकडे वळल्या.

"शिवताना बघत नाहीस का गं?" आई म्हणाली.

"आई, पुढे येतं ते मी शिवते."

"उलट बोलू नकोस," यंत्राजवळून मधला म्हणाला. ती त्याचीच बायको होती. घरात येऊन तिला दोन वर्षे झाली होती.

बाबा अंगठ्याने टेबलाची कड घासत राहिले. फर्मे बाबा जुळवतात हे सगळ्यांना ठाऊक होते. पण बाबा चुकले, हे वाक्य त्या घरात कोणी कधी उच्चारले नव्हते. चाळीस वर्षांचा हात. चूक व्हायची ती त्यांच्या हातून ढीग सुटल्यावरच, दुसऱ्या कोणाच्या तरी हाती.

अकरा महिन्यांपूर्वीपर्यंत हा दुसरा कोण, हे शोधावे लागत नव्हते. खिडकीजवळ धाकटा बसायचा, शिवायला जाणाऱ्या फर्म्यांना दाभणाने भोके पाडत. त्याला घरात तिरक्या म्हणत. खळ आंबली तरी तिरक्याने झाकली नसेल, पाते बोथट झाले तरी तिरक्याने काहीतरी भलतेच कापले असेल. बाबांना तर त्याचे तोंडही बघवत नाही, असे आई म्हणायची. कारण बाबा खुर्ची वळवून खिडकीकडे पाठ करून बसत. एके दिवशी बाबांनी त्याला ढिगातून फर्मा काढताना रंगेहाथ पकडले. "माझ्या टेबलाला पुन्हा हात लावायचा नाही," ते म्हणाले. तिरक्याने हातातला फर्मा खाली ठेवला, हात धुतले आणि पिशवी भरली. तो गेल्यावर बाबांनी खुर्ची उजेडाकडे सरळ करून घेतली.

चुका थांबतील असे सगळ्यांना वाटले होते. त्या वाढल्या.

मास्तर गेले आणि दुपारी छापखान्याच्या मालकाचा निरोप आला. अजून एक पुस्तक असे परत आले तर काम दुसरीकडे जाईल.

जेवताना मधल्याने ताट सरकवले. सून तोंड फिरवून पाणी प्यायली.

"हिला थोडे दिवस माहेरी पाठवू," आई म्हणाली. "मन लागत नाही तिचं."

"थोडे म्हणजे किती?" थोरलीने विचारले.

भांडी गोळा करता करता आई हळूच म्हणाली, "तो होता तेव्हा निदान बाकीचे तरी एकमेकांशी धड बोलत होते. त्याला जाऊन घेऊन ये तू. तुझं ऐकेल."

थोरलीने मान हलवली. निघताना तिने तिरक्याचे दाभण कापडात गुंडाळून पिशवीत टाकले. लाकडी मुठीचे, त्याच्या हाताने गुळगुळीत झालेले. ते पाहिले की तो येईल, असे तिला वाटले.

*

दुसऱ्या गावी पोचायला बसने तीन तास लागले. तिरक्या तिथल्या वाचनालयात फाटकी पुस्तके दुरुस्त करत होता. काउंटरवरच्या बाईंना तिने विचारले तेव्हा त्यांना नाव कळायला वेळ लागला.

"अच्छा, आमचे डॉक्टर! आम्ही सगळे त्यांना डॉक्टरच म्हणतो. मेलेलं पुस्तक उठवून बसवतात. तुम्ही कोण त्यांच्या?"

"मोठी बहीण."

"बहीण आहे त्यांना?" बाई म्हणाल्या, आणि मग घाईने जिना दाखवू लागल्या.

तळघरातली खोली लहान पण नीटनेटकी होती. खळीच्या वाटीवर झाकण होते. पाती मापाने लावून ठेवली होती. तिरक्या एका जाड पुस्तकाच्या कण्यावर कापड चिकटवत होता. तिला पाहून तो उठला नाही. हातातली कड दाबून धरावी लागत होती.

"बस ताई. हे सुटेल नाहीतर."

ती बसली. घरी हाच माणूस धांदरट म्हणून ओळखला जायचा.

"सगळे बरे?"

"बरे आहेत."

"फर्मे चुकताहेत?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं?" त्याने कडेवरून बोट फिरवले. "आता कोणावर येतंय?"

तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले.

"मधल्याच्या बायकोवर."

"ती भांडते की रडते?"

"गप्प बसते."

"मग फार दिवस नाही टिकायची. मी भांडायचो म्हणून इतकी वर्षं राहिलो."

त्याने कण्यावर जास्त झालेली खळ चिंधीने टिपली.

"पण तू ढिगातून फर्मे काढायचास," ती म्हणाली. "बाबांनी डोळ्यांनी पाहिलं."

"काढायचो ना. चुकीचा काढून बरोबरचा घालायचो. शिवायला तुझ्याकडे येण्याआधी. दिवसाला दोन-चार सापडायचे. घाईच्या दिवसांत एखादा निसटायचा." तो थांबला. "एका वेळी एकच पुस्तक टेबलावर असलं की कधी चूक झालेली आठवते तुला? दोन आली, सारख्या मापाची, की मगच."

थोरली आठवू लागली.

"बाबांना आकडे येतात," तो म्हणाला. "सही येते. वाचता येत नाही, ताई."

"वेडा आहेस का? रोज सकाळी पेपर घेऊन बसतात."

"मोठ्याने कोण वाचतं?"

पूर्वी हा वाचायचा. आता सून. चष्मा सापडत नाही, म्हणून. चष्मा बहुतेक वेळा बाबांच्या खिशातच असायचा आणि सगळे त्यावर हसायचे. बाबाही हसायचे.

"मग कधी बोलला का नाहीस?" तिचा आवाज चढला. "एकदा तरी सांगायचं कोणाला."

"सांगितलं होतं. तुला." तो तिच्याकडे न बघता बोलत होता, रागावलेलाही दिसत नव्हता. "सातवीत होतो. तू गच्चीवर कपडे वाळत घालत होतीस. तू एक ठेवून दिलीस आणि म्हणालीस, बापाबद्दल असलं तिरकं बोलतोस? तिरक्या कुठला! खाली येऊन आईलाही तेच सांगितलंस. त्या दिवसापासून ते नाव पडलं."

"मी?"

"तू म्हणालीस. मग सगळ्यांनाच सोयीचं झालं."

थोरलीने मांडीवरचा उजवा हात उलटा केला आणि तळव्याकडे पाहिले. तिला कपड्यांची दोरी आठवली, ओली चादर आठवली. चापट आठवेना. त्याचा लाल झालेला कान मात्र आठवला, आणि तो पळत जिना उतरला ते.

तेवढ्यात काउंटरवरच्या बाई दोन कप चहा घेऊन आल्या. "ताई, तुम्ही तरी डॉक्टरांना सांगा, आमच्या खुर्चीवरही एखादं ऑपरेशन करा म्हणावं. बसलं की रडते."

"खुर्ची रडते की बसणारी?" तिरक्या म्हणाला, आणि दोघेही मोठ्याने हसले. पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले होते त्याचे. ते थोरलीने बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते.

बाई गेल्यावर त्याने विचारले, "तू कशाला आली होतीस?"

पिशवीतले दाभण कापडावरून तिच्या बोटांना लागत होते. तिने पिशवीची नाडी ओढून घेतली.

"सहज. बघायला."

"आईने काही दिलंय?"

"नाही," ती म्हणाली. "चहा चांगला आहे."

तो तिला बसपर्यंत सोडायला आला. बस हलताना त्याने खिडकीच्या गजावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "त्यांना शिकव म्हणून सांगत नाही," तो म्हणाला. "फक्त एका वेळी एकच पुस्तक टेबलावर ठेवत जा."

तीन तास तिने एकच वाक्य घोळवले. बाबा, तुम्हाला वाचता येत नाही हे मला कळलंय. मग ते अजून मऊ केले. बाबा, मी तुम्हाला वाचून देत जाईन. गाव जवळ आले तेव्हा वाक्य पाठ झाले होते.

"येतोय का?" दारातच आईने विचारले.

"नाही. बरं चाललंय त्याचं."

"स्वतःचंच बघायचं त्यानं, दुसरं काय," आई म्हणाली.

*

सकाळी बाबांना एकटे गाठायचे तिने ठरवले होते. पण सगळे टेबलाशी येऊन बसले आणि तेवढ्यात छापखान्याचा माणूस आला. त्याने एक पुस्तक टेबलावर ठेवले आणि मध्ये उघडले. पुस्तक प्रथमोपचाराचे होते.

"भाजलेल्या जागी गार पाणी सोडावे, मग घोडा अडीच घरे पुढे न्यावा," त्याने वाचले. "मालकांनी विचारलंय, हे कोणी केलं? एवढं सांगा. माणूस कळला तर ते पुढचं काम देतील. नाहीतर नाही."

माना स्टुलाकडे गेल्या. तिथून सुनेकडे. सुनेची सुई अर्ध्या टाक्यात थांबली. जिन्याखाली तिची बॅग भरून ठेवलेली होती.

वाक्य थोरलीच्या ओठांवर होते. बाबांचा अंगठा टेबलाची कड घासत होता, इतका जोरात की नखाखाली पांढरे पडले होते. ते कोणाकडेच बघत नव्हते. छापखान्याचा माणूस वाट पाहत होता.

"माझ्याकडून झालं," थोरली म्हणाली.

"तुझ्याकडून?" आई म्हणाली.

"ढीग मी हलवले. मागच्या वेळीही मीच."

कोणीतरी लांब श्वास सोडला. आईचे खांदे खाली आले. मधला यंत्राला टेकला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बायकोकडे बघून बोलला, "ऐकलंस? आणि आपण उगाच तुला बोललो." मग थोरलीकडे वळून, "काय गं ताई, आता तूही तिरक्यासारखं करायला लागलीस?"

आई हसली. छापखान्याचा माणूसही हसला, आणि मालकांना सांगतो म्हणून निघून गेला. खोली एकदम हलकी झाली. हसली नाही ती फक्त सून. ती थोरलीकडे टक लावून बघत होती.

प्रथमोपचाराचे पुस्तक उसवून पुन्हा शिवायला हवे होते. थोरली ते घेऊन आपल्या जागेकडे वळली, तर तिथे मधल्याने पुठ्ठ्यांची चवड ठेवली होती. रिकामी जागा एकच होती. ती खिडकीजवळच्या स्टुलावर जाऊन बसली. पिशवीतले दाभण काढले आणि मान वर केली.

तिथून बाबांचे हात दिसत होते. टेबलाच्या दुसऱ्या कोणत्याही जागेवरून ते ढिगांच्या आड असत. इथून स्वच्छ दिसत होते. बाबांच्या पुढे आज दोन पुस्तकांचे फर्मे होते, सारख्याच मापाचे. त्यांनी एक फर्मा उचलला, आकडा बघितला. मग पहिल्या ओळीवरून बोट फिरवले, टोकापर्यंत नेऊन परत आणले. फर्मा जरासा डाव्या ढिगावर धरला. तिथून उजव्या ढिगावर आणला. हात हवेतच राहिला.

त्यांनी वर पाहिले. थोरलीला नजर काढून घ्यायला उशीर झाला.

यंत्राचे पाते खाली आले, वर गेले. मग बाबा उठले. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची उचलली, खिडकीकडे पाठ येईल अशी वळवली आणि खाली ठेवली. फरशीवर चार जुने घासलेले डाग होते. खुर्चीचे पाय त्यांच्यावर बरोबर बसले.