चुंबकाचा खिसा

आत्याच्या उजव्या मांडीत गाठ निघाली. शिलाई मशीन ती त्याच पायाने चालवते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध लागू पडलं नाही, तर पाय काढावा लागेल." त्यावर आत्याने विचारलं, "कुठला?" जणू निवडायची सोय होती.

औषध नवं होतं, अजून चाचणीतलं. लोखंडाचे अतिबारीक कण औषध घेऊन रक्तातून फिरणार, मांडीवर चुंबक ठेवला की गाठीपाशी जमणार. गाठीच्या आसपास जरा आंबटपणा असतो, त्यात कणांवरचं वेष्टण विरघळतं आणि औषध तिथंच सुटतं.

"म्हणजे माझ्या गाठीला ॲसिडिटी आहे."

"साधारण तसंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आमच्या घरात सगळ्यांनाच आहे."

चुंबकाचं तिला अप्रूप नव्हतं. दुकानात सांडलेल्या टाचण्या ती तीस वर्षं चुंबकानेच गोळा करते. पहिल्या दिवशी शिरेतून औषध सोडलं, मांडीवर पट्ट्याने चुंबक बांधला. तासभर पडून राहायचं. दहाव्या मिनिटाला चुंबक गुडघ्यावर. नर्सने वर सरकवला. परत गुडघ्यावर.

"गुडघा ठणठणीत आहे गं बाई, त्याला कशाला औषध?" आत्या म्हणाली. मग पट्टा उलटा करून पाहिला. "हा शिवला कुणी? त्याला समोर आणा."

पुढच्या खेपेला ती स्वतःचा पट्टा शिवून घेऊन गेली. मांडीचं माप साडेएकवीस इंच, तीन हुक, चुंबकाला अस्तर लावलेला खिसा. पट्ट्याला परवानगी द्यायला समिती बसली. समितीने धुण्याच्या सूचना लेखी मागितल्या. आत्याने लिहून दिलं : कोमट पाणी. पिळू नये. समितीने एकमताने मंजूर केलं.

चार खेपा पट्टा तसूभर हलला नाही. पाचव्या खेपेला, दुपारी स्कॅन होता त्याच सकाळी, तो घसरला.

मी वाकून पट्टा पाहिला. "आत्या, शिवण उसवली वाटतं."

"माझी शिवण?" तिने असं पाहिलं, की मी भिंतीकडे तोंड केलं.

तिने पर्समधून टेप काढली. वीस इंच. पुन्हा मोजलं. वीस. मग डावी मांडी मोजली, अंगच वाळलं असेल तर कळावं म्हणून. ती होती तेवढीच होती. आत्या नुसती टेप गुंडाळत बसली. गुंडाळून झाली तरी गुंडाळतच होती.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन जवळजवळ पळतच आल्या. "गाठ निम्म्याहून कमी झालीय! पाय काढायची गरज नाही!"

"दीड इंच," आत्या म्हणाली. "सकाळीच कळलं." मग तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. सोडले तेव्हा त्यांच्या बाह्या नीट केल्या. "तुमचा हा कोट खांद्यात उतरलाय. मी नवा शिवते. ह्याच पायाने."

"अहो, कशाला—"

"नर्सबाईंचाही. आणि त्या समितीत माणसं किती?"

"नऊ."

आत्याने उजवा पाय जरा हलवून पाहिला.

"जमेल," ती म्हणाली.